इतकं वाईट की छान?

मंडळी, आज भांडायला बसले आहे, ते आधीच सांगून टाकते. "इतकं वाईट की छान!" हे चार शब्द कानावर पडले की माझ्या कपाळावर आठी पडते. आणि रामसे बंधूंच्या भुताच्या सिनेमांचा विषय निघाला की हे चार शब्द हमखास येतातच.

यंदा गणपतीत आमच्याकडे पोरं जमली होती. भाचा, पुतण्या, त्यांचे मित्र. सगळे तिशी-चाळिशीतले, चांगले शिकलेले. विषय कसा निघाला देव जाणे, पण मोदक संपले तरी वाद संपेना. एक म्हणे रामसे म्हणजे नुसते नक्कलखोर, पैशासाठी कायपण करणारे. दुसरा म्हणे छे, ते तर दैवतं आहेत, मी त्यांच्या चित्राचा टीशर्ट घालतो. तिसरा म्हणे खरा कलावंत श्यामच, तुलसी नुसते हिशेब बघायचे. चौथा म्हणे उलट. मी चहा देता देता ऐकत होते. चौघांच्याही बोलण्यात एक गोष्ट समान होती. त्या माणसांच्या कामाकडे सरळ नजरेनं बघायची कुणाचीच तयारी नव्हती.

आधी थोडी हकिकत सांगते, कारण भांडणाऱ्यांतल्या निम्म्यांना ती माहीत नसते. फत्तेचंद रामसिंघानी हे कराचीचे सिंधी गृहस्थ. रेडिओचं दुकान चालवायचे. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना म्हणून त्याचं 'रामसे' झालं. फाळणीत सगळं मागे टाकून कुटुंब मुंबईला आलं. पुन्हा दुकान थाटलं आणि मग सिनेमा काढायचं वेड लागलं. १९६३ साली त्यांनी 'रुस्तम सोहराब' काढला. त्यात पृथ्वीराज कपूर आणि सुरैया होते आणि दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर. हो हो, आपलेच, 'रणांगण'वाले! १९७० साली याच बेडेकरांनी त्यांच्यासाठी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' केला. तो साफ पडला. पण त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर अक्राळविक्राळ मुखवटा चढवून चोरी करायला जातात आणि पोलिसांच्या गोळ्यांनी त्यांना काही होत नाही. बाकीच्या सिनेमात चुळबुळणारे प्रेक्षक तेवढ्या प्रसंगाला सावरून बसतात हे तुलसी आणि श्याम या मुलांनी थेटरात बसून पाहिलं. वडिलांना म्हणाले, लोकांना हे हवंय, आपण हेच करू.

आता सांगा, मराठीतली एक श्रेष्ठ कादंबरी लिहिणाऱ्या माणसाच्या पडलेल्या सिनेमातून हिंदीतल्या भुतांचा हा सगळा कारखाना निघाला, ही गोष्ट आपल्या किती साहित्यप्रेमींना ठाऊक आहे? बेडेकरांवर भाषणं ऐकताना मी तरी याचा उल्लेख कधी ऐकलेला नाही. 'त्या' सिनेमांशी नाव जोडलं तर बाटेल म्हणून असेल!

पुढची हकिकत मला फार आवडते. सात भावांना सिनेमा काढता येत नव्हता. मग वडिलांनी त्यांना काश्मीरला हाउसबोटीवर नेऊन ठेवलं, हातात जोसेफ मास्चेलींचं छायाचित्रणावरचं पुस्तक दिलं आणि शिका म्हणाले. शाळा काढावी तर अशी. परत आल्यावर १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' काढला. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला, विश्रामगृहात मुक्काम ठोकून, चाळीस दिवसांत, साडेतीन लाखांत, असं ते कुटुंबीय सांगत आले. घरातल्या बायकांनी सगळ्यांचा स्वयंपाक केला. कुमार लिहायचे, गंगू कॅमेरा धरायचे, किरण आवाज बघायचे, अर्जुन संकलन करायचे, केशू निर्मितीत, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनात. पडेल ते काम जो मोकळा असेल तो करायचा. शेतकऱ्याच्या घरात सुगीला जसं असतं, तसंच.

आता पहिल्या गटाकडे वळते. हे म्हणतात, "नक्कल करायचे." बरोबर आहे, करायचेच. नव्वदीतला 'महाकाल' म्हणजे वेस क्रेव्हनच्या १९८४ सालच्या 'नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'वरून घेतलेला. हे कुणी नाकारत नाही. पण मग हाच न्याय घरातही लावा ना! १९९३ साली आलेला आपला 'झपाटलेला' कुठून आला? बाहुल्यात खुन्याचा आत्मा शिरतो ही कल्पना १९८८ सालच्या 'चाइल्ड्स प्ले'मधली. तरी तात्या विंचू आपला लाडका. नारायण धारपांची 'लुचाई' वाचताना स्टीफन किंगचं 'सालेम्स लॉट' आठवतंच, तरी धारपांचं नाव आपण आदरानं घेतो आणि घ्यावंच. धारपांनी आणि कोठाऱ्यांनी परकं बी आपल्या मातीत रुजवलं असं आपण म्हणतो. मग रामसेंनी काय केलं? ड्रॅक्युलाचा किल्ला त्यांनी जमीनदाराची हवेली केला. पाद्र्याच्या क्रुसाच्या जागी त्रिशूळ आणला. १९८४ सालच्या 'पुराना मंदिर'मध्ये एका दुष्टाच्या शापानं घराण्यातल्या बायका बाळंतपणात मरतात. हे भय कुठल्या इंग्रजी सिनेमातलं नाही हो, ते आपल्याच आजी-पणजीचं आहे. ज्या घरात बाळंतीण दगावली आहे त्या घरातल्या बाईला विचारा.

मी तालुक्याच्या गावी पस्तीस वर्षं शिकवलं. जत्रेत तंबू टॉकीज यायचं तेव्हा रामसेंच्या सिनेमाला झुंबड उडायची आणि दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात निम्मी पोरं डुलक्या घ्यायची. ती पोरं सिनेमाला हसत नव्हती. ती खरंच घाबरायची. रात्री परसाकडे जायला सोबत लागायची त्यांना. शहरातल्या समीक्षकांना या सिनेमांची लाज वाटायची, कारण तो सिनेमा त्यांच्यासाठी काढलेलाच नव्हता. नकलेचा आरोप ही वरवरची गोष्ट आहे. खरी अडचण आहे ती प्रेक्षकाची. हमाल, गिरणीकामगार, खेड्यातली पोरं ज्याला टाळ्या देतात ते चांगलं कसं असेल, असा तो हिशेब आहे.

आता दुसरा गट, टीशर्टवाला. हे स्वतःला चाहते म्हणवतात. मित्र जमवून 'वीराना' लावतात आणि भूत आलं की खो खो हसतात. रबरी मुखवटा दिसला की शिट्ट्या, संवाद आला की नकला. "काय भंकस आहे, जबरदस्त!" मला विचाराल तर हा पहिल्यापेक्षा मोठा अपमान आहे. निंदक निदान तोंडावर बोलतो. हा पाठ थोपटता थोपटता हसतो. वर्गात एखादं पोर मनापासून कविता म्हणतं, उच्चार गावंढळ असतात, आणि मागच्या बाकावरची चार पोरं "वा वा, वन्समोअर" करतात, तसला हा प्रकार. अशा पोरांना मी बाहेर उभं करत असे.

यात सगळ्यात वाईट वाटतं ते अनिरुद्ध अग्रवाल यांच्याबद्दल. 'पुराना मंदिर'मधला सामरी आणि १९९० सालच्या 'बंद दरवाजा'मधला नेवला त्यांनीच केला. रुरकीहून इंजिनिअर झालेला हा माणूस. उंची अफाट आणि चेहऱ्याची ठेवण वेगळी. त्यांच्यावरचा ठरलेला विनोद म्हणजे, "याला मेकअपची गरजच नव्हती." हा विनोद करणाऱ्याला आपण एका माणसाच्या चेहऱ्याला हसतोय हे कळत नाही की कळून घ्यायचं नाही? त्या माणसानं नुसत्या चालण्यानं आणि बघण्यानं थेटर गप्प केलं. त्याला अभिनय म्हणतात.

तिसरा वाद, खरा कोण, तुलसी की श्याम? तुलसी २०१८ च्या डिसेंबरात गेले, श्याम २०१९ च्या सप्टेंबरात. कुमार २०२१ मध्ये गेले, गंगू २०२४ मध्ये. माणसं एकेक करून गेली, तरी वाटणी चालूच! चाहत्यांना एकच प्रतिभावंत लागतो, एकच मूर्ती. इंग्रजी सिनेमातही तेच. 'पोल्टरगाइस्ट' १९८२ साली आला. दिग्दर्शक म्हणून नाव टोबी हूपरचं आणि निर्माता स्पीलबर्ग. हूपर २०१७ साली वारले, पण तो सिनेमा 'खरा' कुणाचा हे भांडण अजून मिटलेलं नाही. एका माणसाचं श्रेय त्याच्या हयातीत काढून घेतलं, मेल्यावरही परत दिलं नाही. रामसेंच्या बाबतीत तर हा प्रश्नच चुकीचा आहे. भाकरी कुणी केली? दळणारीनं, मळणारीनं, थापणारीनं की चुलीपाशी बसलेलीनं? त्या निळ्या-हिरव्या उजेडात धुकं सोडून जुनी हवेली जिवंत करणारे गंगू या वादात कुठे आहेत? मुखवटे घडवणाऱ्याचं नाव किती चाहत्यांना सांगता येईल? आणि महाबळेश्वरला चाळीस दिवस रांधणाऱ्या त्या बायका? त्यांचं नाव पाटीवर कधी आलंच नाही.

स्वभावाचं म्हणाल तर चाहत्यांना भुताचा सिनेमा काढणारा माणूसही भुतासारखाच हवा असतो. विक्षिप्त, घुमा, काळे कपडे घालणारा. वेस क्रेव्हन सिनेमात येण्याआधी कॉलेजात शिकवायचे, आमच्याच जातकुळीतले. रामसे बंधू तर एकत्र कुटुंबात राहणारे व्यवहारी लोक. दिवसा मुडदे उकरायचे आणि रात्री भावंडांबरोबर जेवायला बसायचे. यात निराश होण्यासारखं काय आहे? स्वभावाचा प्रश्न एकाच ठिकाणी खरा असतो, जिथे त्या स्वभावापायी दुसऱ्याला इजा झाली तिथे. हिचकॉकनं आपल्याला कसं छळलं हे टिपी हेड्रन यांनी २०१६ साली आत्मचरित्रात लिहिलं. तिथे "थोर माणूस होता, सोडून द्या" म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. 'द बर्ड्स' थोर आहे आणि त्या बाईचं म्हणणंही ऐकलंच पाहिजे. दोन्ही गोष्टी एका डोक्यात मावतात, डोकं तेवढं मोठं ठेवावं लागतं.

म्हणूनच रामसेंना मी सूट देणार नाही. उत्तरपत्रिका तपासायची तर नीट तपासू. वातावरण, प्रकाश, जागेची निवड यांत पैकीच्या पैकी नाही, पण भरपूर गुण. मुरूडच्या नवाबाच्या वाड्याचा त्यांनी केलेला उपयोग बघा. कथेत काठावर पास. विनोदी उपकथानकं तर असह्य, तिथे लाल रेघ. आणि बायकांच्या चित्रणात नापास. गरज नसताना न्हाणीघरातली दृश्यं, मोह पाडणारी बाई म्हणजे चेटकीण, आणि मरायलाही पहिली तीच. हे त्या काळात चालायचं, असं म्हणून मी गुण वाढवणार नाही. त्या काळात मीही होतेच की, आणि तेव्हाही ते खटकायचं. चाहत्यांनी तर यावर कडी केली आहे. १९८८ सालच्या 'वीराना'तली नायिका पुढे सिनेमातून दिसेनाशी झाली, तर ती आता कुठे असते याचा शोध वर्षानुवर्षं चालू आहे. अहो, एका बाईला कॅमेऱ्यासमोर यायचं नसेल! तिला सुखानं राहू द्या की.

नापास म्हणणं आणि हसणं यांत फरक आहे. ज्याची उत्तरपत्रिका मी लाल शाईनं रंगवते, त्याचं प्रत्येक पान मी वाचलेलं असतं. हसणारा पान उलटतही नाही. आज यातले बरेच सिनेमे चांगल्या रूपात बघायचे तर परदेशातल्या एका कंपनीनं काढलेल्या संचावर विसंबावं लागतं. इथले आपण टीशर्ट छापतोय आणि प्रिंटा जपतायत ते. ही लाजेची गोष्ट आहे.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच. रामसेंना देव्हाऱ्यात बसवू नका आणि उकिरड्यावरही टाकू नका. एखादा सिनेमा एकदा तरी, रात्री, दिवे घालवून, कुणालाही चिमटे न काढता बघा. ज्यांच्यासाठी तो काढला होता त्यांच्यासारखे बघा. मग वाईट वाटला तर खुशाल वाईट म्हणा, आवडला तर आवडला म्हणा. पण "इतकं वाईट की छान" मात्र म्हणू नका. ते मत नाही, पळवाट आहे.

असो. भाच्याला हे वाचून राग येणार आहे, हे मला माहीत आहे. येऊ दे. पुढच्या गणपतीला मोदक आहेतच.