उचल मोठ्यांची, फेड पोरांची



पितरं झाली की मुकादम वाडीवर येईल. ओट्यावर बसून नोटा मोजील. त्या वेळी आपली बारकी पोरं बापाच्या मांडीला टेकून बघत असतात. आपण म्हणतो, पोरास्नी काय कळतंय. त्यांना सगळं कळतं. मी तेच लिहिणार आहे.

मी सात वर्षांची असताना आई-बासंगं कृष्णाकाठी एका वीटभट्टीवर होते. धाकटी बहीण दोन-अडीच वर्षांची. आई-बा रात्री दोनला उठून विटा पाडायला जायचे, उन्हं चढायच्या आत आकडा गाठायचा म्हणून. बहीण जागी झाली की खोपीत आई नाही. आधी ती खूप रडायची. मग रडायची बंद झाली. आईला वाटलं, पोर शहाणी झाली. शहाणी कुठली, तिनं बोलणंच टाकलं होतं. बाजाराच्या दिवशी बा खर्ची मागायला जायचा आणि शिव्या खाऊन परत यायचा. तो राग आईवर निघायचा, आईचा आमच्यावर. मालकाची फटफटी वाजली की बहीण गोधडीखाली शिरायची. पाऊस लागताना हिशोब झाला, बाकी निघाली. त्या पावसाळ्यात वाडीवर ती फुटक्या कौलांचे तुकडे मांडून खेळायची आणि दुसऱ्या पोरांना दटावायची, "तुजी बाकी हाय, जाऊ नको."

हा खेळ तिला कोणी शिकवला?

कचेरीत ऐकायला मिळतं की तुमची माणसं पोरांकडे बघत नाहीत. मला याचा राग येतो. विटा कमी पडल्या की बाकी वाढते, मग त्या बाईनं पोराला मांडीवर घ्यायचं कधी? दारूचं मी झाकणार नाही, खर्चीतली दारू पोराच्या तोंडची भाकरी नेते. पण ज्या घरात दारू नाही तिथंही बाकी आहेच. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं वेगळं नाही, तिथं वीट नसते, कोयता असतो आणि पोर फडाच्या बांधावर.

अंगणवाडी ६ महिने ते ६ वर्षांच्या पोरांसाठी. तिचा आहार वाडीवर येतो, पोर भट्टीवर. हंगामी वसतिगृह शाळेच्या पोरांना, दोन वर्षांच्या पोराला नाही. अमृत आहार योजना अनुसूचित क्षेत्रासाठी, त्यात सातारा-सांगली नाही. कातकरी आदिम जमात म्हणून कागदावर आहे, पण आपण इथं थोडे आणि विखुरलेले, कोण मोजतंय?

बारक्यांना आजीजवळ ठेवा असं काही जण म्हणतात. मोठ्या पोरांचं ठीक आहे, पण अंगावर पिणारं पोर आईपासून तोडून कर्ज फेडायचं हे मला पटत नाही. उचलच लागू नये, असं काही करायला हवं. ती लागते आषाढ-श्रावणात, कणगी रिकामी असते तेव्हा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण कसत असलेला तुकडा आपल्या नावावर व्हायला हवा. तो झाला तर नाचणी-वरी घरची राहील आणि फॉरेस्टवाल्याच्या भीतीनं पेरा अर्धा टाकावा लागणार नाही. रोजगार हमीचं काम लेखी मागितलं तर १५ दिवसांत द्यावं लागतं. आपण तोंडी मागतो आणि तोंडीच नकार घेऊन येतो. अर्ज द्या, तारखेची पोच घ्या.

ज्यांना यंदा जावंच लागेल त्यांनी भट्टीजवळच्या गावच्या अंगणवाडीत पोराचं नाव घालायला सांगावं. आणि बाकीसाठी कोणी अडवून ठेवलं तर घाबरू नका. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली आहे, माणूस बांधून ठेवणारं कर्ज त्या कायद्यानं फेडावं लागत नाही. तहसीलदाराकडे तक्रार करायची, एकट्यानं नाही, वाडीनं मिळून.

सर्वपित्रीच्या आधी बैठक आहे. प्रत्येक घरानं गेल्या हंगामाची उचल, खर्ची आणि बाकी लिहून आणावी. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, मी लिहून घेते. घरातली सहा वर्षांखालची पोरं किती, तेही त्याच कागदावर लिहायचं आहे.