गाणं कोणाचं नाव घेतंय, ते ऐका

पोरगं दार लावून कर्कश गाणी ऐकतं म्हणून लगेच घाबरू नका. नुसत्या मोठ्या आवाजानं कोणी मारेकरी होत नाही. हलगी कडाडली की माझेही पाय हलतात. नगारा, तुतारी रणात वाजायची ती याचसाठी. भीती मागं पडावी, पावलं एक व्हावीत. आज तीच तुतारी लग्नात वाजते. वाद्याचा दोष नाही.

तुम्ही शब्द ऐका.

हेडफोन हिसकावू नका. जवळ बसा. "काय म्हणतोय रे हा?" एवढंच विचारा. ती ओळ त्याला स्वतःच्या तोंडानं सांगू द्या. शौर्याचं गाणं असेल तर असू द्या. पण एखाद्या जातीला, धर्माला वैरी ठरवलं असेल, तर ते घरात वाजणार नाही, असं स्पष्ट सांगा.

गाण्यांच्या आडून वैर कसं शिरतं, ते पाहा. आफ्रिकेतल्या रवांडात 1993 साली आरटीएलएम नावाचं रेडिओ केंद्र सुरू झालं. लोकांना आवडणारी गाणी लागायची आणि मध्येमध्ये तिथल्या तुत्सी समाजाविरुद्ध विष पेरलं जायचं. सिमोन बिकिंडी या लाडक्या गायकाची गाणीही त्यात होती. 1994 साली सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसं मारली गेली. कित्येकांना शेजाऱ्यांनीच मारलं. बिकिंडीला 2008 साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं 15 वर्षांची शिक्षा दिली. ती गाण्यांसाठी नव्हती. गाडीवरच्या कर्ण्यातून त्यानं तुत्सींना मारायला चिथावलं होतं, त्यासाठी होती.

गाडीवरचा कर्णा म्हटलं की मला आपल्या मिरवणुका दिसतात.

मुलगा मंडळात असेल तर गाण्यांची यादी आदल्या दिवशीच मागा. टेम्पोवर स्पीकरची भिंत चढली, पेनड्राइव्ह लागला, की कोणी कोणाचं ऐकत नाही. तावदानं थरथरतात, फडताळातली भांडी वाजतात, तिथं तुमचा शब्द कुठून पोचणार? दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळासमोर काय वाजणार, हेही आधीच ठरवून घ्या. तिथं आवाज वाढवायला सांगणारा बहुतेक वेळा मोठा माणूस असतो, आणि तो मागं उभा असतो. गुन्हा पोराच्या नावावर लागतो. पुढं पोलीस भरतीत, पासपोर्टला तोच आडवा येतो.

आयांनो, तुम्हीही मिरवणुकीत चला. चारजणी टेम्पोच्या बाजूनं चालत असल्या, की "हे गाणं बदल रे" म्हणायला कोणीतरी असतं.