आधीं काय पाहावें ?

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी वहीचें एक पान घेऊन आमच्याकडे आला. 'ड्रॅगन बॉल' ह्या जपानी ॲनिमे मालिकेचे सर्व विभाग व चित्रपट त्यानें त्यावर क्रमानें लिहून काढले होते, व तो क्रम बरोबर आहे कीं नाहीं, एवढेंच त्यास विचारावयाचें होतें. ही मालिका आम्हींही पूर्वीं मोठ्या आवडीनें पाहिली आहे, ही बातमी त्यास कोणीं दिली तें आम्हीं विचारलें नाहीं. पान मात्र काळजीपूर्वक वाचलें, आणि पहिल्याच ओळीशीं आमचा मतभेद झाला.

प्रश्न क्षुल्लक दिसतो; तथापि पसारा पाहिला म्हणजे तो तसा वाटत नाहीं. अकिरा तोरियामा यांची मूळ चित्रकथा १९८४ पासून १९९५ पर्यंत 'शोनेन जंप' साप्ताहिकांत ५१९ प्रकरणांनीं पुरी झाली. तिजवरून १९८६ सालीं निघालेल्या पहिल्या मालिकेचे भाग १५३. पुढें 'झेड'चे २९१, 'जीटी'चे ६४, 'सुपर'चे १३१, आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत सुरू झालेल्या 'दाइमा'चे २०. शिवाय वीसांवर चित्रपट. एवढें सर्व पाहावयास बसणारा मुलगा शेंकडों तास खर्चीं घालणार. आणि पहिल्यानें पाहण्याचें सुख त्यास एकदांच मिळणार. तें कोणाच्या चुकीच्या कोष्टकामुळें बुडावें, हें आम्हांस बरें वाटेना.

आमच्या विद्यार्थ्याचा नियम असा कीं, कथेंत जें आधीं घडलें तें आधीं पाहावें. म्हणून त्याच्या पानावर अग्रस्थानीं होता नायक गोकू याचा बाप बार्डाक याजवरील विशेष चित्रपट. त्यांतील प्रसंग खरोखरच मालिकेच्या पूर्वींचे आहेत. पण हा चित्रपट जपानांत टेलिव्हिजनवर दाखविला गेला तो १९९० सालीं ! तोंवर तेथील मुलांनीं चार वर्षें काय पाहिलें होतें ? डोंगरांत एकटा राहणारा, शेपटी असलेला एक भाबडा पोर. चिनी कथेंतील वानरराजाची छाया त्याजवर पडलेली आहे, हें कोणाही वाचकाच्या ध्यानांत यावें. हा पोर कोठला, हें १५३ भागांत कोणी सांगत नाहीं, आणि पाहणाराही विचारीत नाहीं. शेपटी आहे, तर आहे! मग 'झेड'च्या आरंभीं रॅडिट्झ नांवाचा परका आकाशांतून उतरतो आणि म्हणतो, मी तुझा भाऊ, तूं ह्या पृथ्वीवरचा नव्हेस. त्या क्षणीं गोकूबरोबर पाहणाराही चकित होतो. बार्डाक आधीं पाहिलेल्यास हा क्षण लाभत नाहीं. तो सर्वज्ञ होऊन बसलेला असतो. उलट बार्डाकास आपल्या पुत्राच्या भविष्याचे जे ओझरते देखावे दिसतात, ते त्यास निरर्थक वाटतात, कारण त्या पुत्राशीं त्याची ओळखच झालेली नसते. एकाच चुकीनें दोन्ही कथा फिक्या पडतात. महाभारतासही शंतनूपासून आरंभ होत नाहीं. नैमिषारण्यांत सौति येतो, जनमेजयाच्या सर्पसत्राची हकीगत निघते, आणि मग मागील कथा. सांगणाऱ्याचा क्रम व घडण्याचा क्रम हे निराळे असूं शकतात, हें आपणांस नवें नाहीं.

यास्तव आमचें मत असें कीं, ज्या क्रमानें मालिका व चित्रपट निघाले त्याच क्रमानें ते पाहावे. वरच्या वर्गांतील कांहीं शहाणे एकदम 'झेड'पासून आरंभ करण्यास सांगतात. पहिली मालिका म्हणे लहान मुलांची आहे. आम्हांस हें मान्य नाहीं. 'झेड'मध्यें पिकोलो गोकूच्या मुलास शिकवितो, आणि पुढें नाप्पाचा घाव स्वतःच्या अंगावर घेऊन त्याच्यासाठीं मरतो. पहिल्या मालिकेच्या शेवटीं हाच पिकोलो गोकूच्या जिवावर उठला होता, हें ज्यानें पाहिलें नाहीं, त्यास ह्या मरणाची किंमत काय कळणार ? त्या मुलाचें गोहान हें नांव कोणाचें, हेंही त्यास ठाऊक नसतें.

चित्रपटांची गोष्ट वेगळी. १९८९ ते १९९५ ह्या काळांत 'झेड'चे तेरा चित्रपट वसंत व उन्हाळ्याच्या सुट्यांत निघाले, बहुतेक तासाभराचेच. कथेच्या ओघांत ते बसत नाहींत, आणि बसविण्याची खटपटही करूं नये. आमच्या विद्यार्थ्यानें त्यांच्यासाठीं इतके बाण काढले होते कीं, पान भूमितीच्या वहींतलें वाटावें. एक अपवाद ध्यानांत ठेवावा. १९८९ च्या पहिल्या चित्रपटांतील गार्लिक ज्युनियर हा खल नामेक ग्रहावरील प्रकरणानंतर मालिकेंत पुन्हा येतो. तेव्हां तो चित्रपट त्यापूर्वीं पाहिलेला असावा.

'झेड' फार लांबली आहे, ही तक्रार खरी आहे. चित्रकथा आठवड्यास एक प्रकरण पुढें सरके आणि टेलिव्हिजन तिच्या पाठीस येऊन भिडे. मग वेळ काढणें भाग पडे. नामेक ग्रह पांच मिनिटांत फुटणार असें फ्रीझा सांगतो, आणि तीं पांच मिनिटें भागामागून भाग संपतां संपत नाहींत ! २००९ पासून 'काई' ह्या नांवानें हीच कथा आटोपशीर करून दाखविली गेली. परीक्षा जवळ असलेल्यानें ती पाहिल्यास आमची हरकत नाहीं. फक्त गोकू व पिकोलो मोटार हांकण्याचा परवाना काढावयास जातात, तो भाग त्यांत गाळला आहे, याचें आम्हांस वाईट वाटतें.

'सुपर'चे पहिले सत्तावीस भाग म्हणजे २०१३ व २०१५ च्या दोन चित्रपटांचाच विस्तार होय. तेथें चित्रपट पाहून अठ्ठाविसाव्या भागापासून पुढें जावें. 'ब्रोली' हा २०१८ चा चित्रपट १३१ भाग संपल्यावर घ्यावा. 'जीटी' मूळ चित्रकथेवरून काढलेली नाहीं. ती न पाहिल्यास कांहीं बिघडत नाहीं.

"मग सर, 'दाइमा' ?" असें त्यानें विचारलें. प्रश्न मार्मिक होता, कारण तिची कथा 'झेड'मधील बूच्या पराभवानंतरची व 'सुपर'च्या आधींची आहे. तरी आम्हीं ती शेवटींच लिहावयास लाविली. तोरियामा १ मार्च २०२४ रोजीं वारले, आणि ही मालिका त्यांच्या पश्चात् पडद्यावर आली. ज्यानें बाकीचें सर्व पाहिलें आहे, त्यानेंच ती पाहावी.

सुटी संपल्यावर तो व्हरांड्यांत भेटला. पहिल्या मालिकेंत क्रिलिन मारला जातो तेथपर्यंत तो आला होता, व त्याबद्दल बोलावयास तो फारसा तयार नव्हता. वहीचें तें पान अजून त्याच्या खिशांत आहे. बाण खोडलेले आहेत, आणि बार्डाकचें नांव पुष्कळ खालीं गेलें आहे.