पोटखराब आणि इतर अधिकार

दिवाळीच्या सुटीत मी वलवणला घरी असलो, की गावकऱ्यांना माझ्यातला मराठीचा प्राध्यापक आठवतो. कोणाला लग्नपत्रिकेचा मजकूर हवा असतो, कोणाला अर्ज. यंदा धरणाच्या अंगाला राहणारे आबा सातबाराचा उतारा घेऊन आले.

"मास्तर, हे नीट इंग्रजी झालंय का बघा. पोराला डेन्मार्कला धाडायचंय."

मुलगा कोपनहेगनला नोकरीस आहे. तेथे घर घेतो आहे, आणि कर्जासाठी बँकेने गावच्या जमिनीचा कागद मागितला आहे. उताऱ्यावर बापलेक दोघांचीही नावे.

भाषांतर शहरातल्या कोणा टंकलेखकाने पैसे घेऊन केलेले. 'पोटखराब'चे 'बॅड स्टमक', 'आकार'चे 'शेप', 'कुळा'चे 'फॅमिली'! वाचकहो, मला हसू आवरेना. पोटखराब म्हणजे शेताच्या पोटातली लागवडीस निरुपयोगी जागा. खडक, ओढा, वाट. साहेबालाही त्याला प्रतिशब्द सापडला नाही, कायद्याच्या इंग्रजीत तो शब्द तसाच जाऊन बसला आहे. आकार म्हणजे जमिनीवर बसवलेला सारा. 'भोगवटादारा'ला मात्र शब्द शोधावा लागत नाही. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमात तो 'ऑक्युपंट' म्हणून आहेच. तो वाचून डेन्मार्कचा माणूस आबांना भाडेकरू समजेल, ही गोष्ट निराळी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी तालुका आणि जिल्हा सातबारावर अजून ठाण मांडून आहेत, आणि पोटखराबातला 'खराब'सुद्धा!

'इतर अधिकार' या रकान्याशी मात्र माझे हसू थांबले. तेथे नोंद होती, 'कलम ४३ ला पात्र'. टंकलेखकाने केले होते 'अदर राइट्स : एलिजिबल फॉर सेक्शन ४३'. जणू मालकाला आणखी काही सवलत मिळाली आहे! वस्तुतः हा रकाना मालकाच्या जादा हक्कांचा नव्हेच. दुसऱ्यांचे हक्क, बोजे आणि बंधने यांचा तो रकाना. आबांचे वडील कूळ होते. १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळे मालक ठरली, त्यात ही जमीन आली. आणि कूळकायद्याचे ४३ वे कलम म्हणते, अशी जमीन कलेक्टरच्या मंजुरीवाचून विकता येत नाही. येथे 'पात्र' म्हणजे बांधलेला.

मी तसे सांगताच आबांचा चेहरा उतरला.

"राहू द्या की तसंच. तिकडं कोण बघतंय?"

"आबा, बँकेला कागद तुमचा मुलगा देणार. खोटा तो ठरेल."

आबा कागद उचलून गेले. चहाही घेतला नाही. वसुबारस गेली, धनत्रयोदशी गेली, त्यांचा पत्ता नाही. लक्ष्मीपूजनाला ते आले आणि पायरीवर बसून म्हणाले, "बांधलेली जमीन सुटते कशी, ते तरी सांगा."

मी सांगितले. २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे खरेदीला दहा वर्षे झाली असतील, तर विकण्यापूर्वी आकाराच्या चाळीस पट नजराणा सरकारात भरायचा. मग मंजुरी लागत नाही. घेणारा शेतकरी हवा वगैरे अटी आहेतच. उताऱ्यावर आकार होता साडेतीन रुपये. आबांनी बोटांवर हिशेब केला.

"एकशेचाळीस रुपये? आणि एवढ्यासाठी मी पोराला खोटं बोलायला लावत होतो?"

भाषांतर मी नव्याने केले, 'सब्जेक्ट टु सेक्शन ४३' असे लिहून खाली दोन ओळींचा खुलासा जोडला. भाऊबीजेला कोपनहेगनहून फोन आला.

"काका, बाकी सगळं समजलं. पण हा नजराणा नक्की कोणाला द्यायचा? इथं कचेरीत भेट दिली तर लाच समजतात."