बिडाचा तवा आणि सासूबाईंचा गुडघा

एका वाचक मैत्रिणीनं मोठ्या काळजीनं पत्र लिहिलं आहे. तिच्या सासूबाईंचा गुडघा बदलायचा आहे. डॉक्टर म्हणाले, आत कोबाल्ट-क्रोमचा सांधा बसवू. पण सासूबाई हटून बसल्या आहेत. ‘अगं, आपला बिडाचा तवा रात्रभर ओला राहिला तर सकाळी तांबडा होतो. मग अंगात घातलेलं लोखंड गंजणार नाही का?’

प्रश्न अगदी रास्त आहे. पण या दोन धातूंची जातकुळीच वेगळी.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात शेकडा 2 ते 4 भाग कार्बन असतो. तो ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात आत पसरलेला असतो, म्हणून बीड ठिसूळ. फरशीवर पडलं किंवा तापलेलं असताना गार पाणी ओतलं, की तडकतं. लोखंडाचा गंजही भुसभुशीत. तो आतल्या धातूला झाकत नाही, त्यामुळे गंजणं चालूच राहतं. म्हणून तवा घासल्यावर लगेच कोरडा करून तेलाचा हात फिरवायचा.

गुडघ्याच्या धातूत लोखंड जवळजवळ नसतंच. शेकडा 60 हून थोडा अधिक कोबाल्ट, 27 ते 30 भाग क्रोमियम आणि 5 ते 7 भाग मॉलिब्डेनम असतं. दुधावर साय धरावी तसा क्रोमियममुळे त्यावर डोळ्यांना न दिसणारा थर धरतो. ओरखडा उठला तरी पुन्हा धरतो. त्यामुळे शरीरातल्या खारट द्रवातही हा धातू टिकतो. तो बिडासारखा तडकत नाही, आणि त्याला आरशासारखी झिलई देता येते. म्हणून त्याच्याखाली बसवलेलं प्लॅस्टिकही कमी झिजतं.

मग तवाच याचा का करू नये? एक तर तो फार महाग. शिवाय त्यातून उष्णता बिडाच्या निम्म्यानंही पसरत नाही. आंबोळी मधे करपेल आणि कडेला कच्ची राहील! ज्याचं काम त्यानंच करावं.

मात्र गंजत नाही म्हणजे मुळीच झिजत नाही, असं समजू नका. आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. या धातूत निकेलचाही किंचित अंश असू शकतो. खोटे दागिने किंवा घड्याळाचा पट्टा घातल्यावर सासूबाईंना खाज सुटत असेल, पुरळ उठत असेल, तर शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना सांगा. दुसऱ्या धातूचा सांधाही मिळतो. दुसरं म्हणजे, 2017 साली केंद्र सरकारनं गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींना मर्यादा घातली. तेव्हा बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा, संकोच करू नका.

आणि सासूबाईंना सांगा, तव्याला तेल लावायचं. गुडघ्याला मात्र डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम रोज द्यायचा. तिथं आळस नको!