ही साधी चिडवाचिडवी नाही

तुमची दहा वर्षांची लेक शाळेतून येते, दप्तर कोपऱ्यात टाकते आणि म्हणते, ‘‘उद्यापासून डब्यात फक्त जॅम-ब्रेड दे.’’ परवापर्यंत हीच पोरगी खिमा-चपातीवर तुटून पडत होती. तुम्ही विचारता, का गं? ती म्हणते, ‘‘असंच.’’ आठवड्याने रिक्षात बसल्यावर हळूच विचारते, ‘‘आपण पाकिस्तानचे आहोत का?’’

कुठे शीख मुलाच्या पटक्याला कुणीतरी रोज मागून हात लावतं. कुठे ख्रिस्ती मुलीला ऐकवलं जातं की तुम्हाला तांदूळ देऊन बाटवलं. बौद्ध मुलाच्या बाटलीतलं पाणी कुणी पीत नाही. कुठे सणानंतर मेंदीचे हात घेऊन आलेल्या मुलीला बाई वर्गासमोर उभं करतात. धर्म बदलतो, शहर बदलतं, पण मूल घरी येऊन सांगतं ते तेच, ‘‘असंच.’’

मुलं सांगत नाहीत, कारण आईवडिलांना वाईट वाटेल हे त्यांना कळतं. नाझिया एरम यांनी २०१७ साली ‘मदरिंग अ मुस्लिम’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा अनेक शहरांतल्या आयांशी बोलताना त्यांना हेच दिसलं. चांगल्या, महागड्या शाळांतही हे चालतं आणि पुष्कळदा पालक गप्प बसतात. म्हणून ‘तुला कुणी त्रास देतं का?’ असं थेट विचारू नका, ‘नाही’ असंच उत्तर येईल. मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसतेस, व्हॅनमध्ये शेजारी कोण असतं, असं विचारा. आणि सांगायला लागली की मध्येच रागाने उठू नका. तुमचा राग पाहून ती उरलेलं गिळून टाकेल.

ऐकलेलं त्याच रात्री लिहून काढा. तारीख, तास, जागा, कोण होतं, आणि नेमके शब्द. इथे आपण सगळेच कच खातो. ‘अपशब्द वापरले’ असं मोघम लिहितो, कारण तो शब्द कागदावर उतरवायची लाज वाटते. उतरवा. मुलीने जो शब्द ऐकला तोच मुख्याध्यापकांनाही वाचू द्या.

याचं कारण एका खटल्यात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यात सात वर्षांच्या एका मुस्लिम मुलाला शिक्षिकेने वर्गातल्या मुलांकरवी थपडा मारायला लावल्याचा व्हिडिओ देशभर पसरला. तुषार गांधी सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ सप्टेंबरला न्या. अभय ओक आणि न्या. पंकज मित्तल यांच्या खंडपीठाने पोलिसांच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. एफआयआर उशिरा नोंदवला होता, आणि धर्मामुळे मुलाला मारलं हा वडिलांचा मूळ आरोपच त्यात नव्हता. पुढे मुलांचं समुपदेशन कसं व्हावं हे सुचवायचं काम न्यायालयाने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे दिलं.

‘धर्म’ हा शब्द असा वाटेत गळून पडतो. एफआयआरमध्ये गळला, तसा शाळेच्या ऑफिसातही गळतो. ‘‘मुलांची भांडणं हो, आम्ही समजावतो,’’ असं म्हणत दोघांना शेजारी उभं करून एकमेकांना सॉरी म्हणायला लावतात. तुमच्या मुलीने सॉरी कशासाठी म्हणायचं? हे मान्य करू नका. तिची तुकडी बदलायचा सल्ला मिळाला तर तोही नाकारा. बदल करायचाच तर त्रास देणाऱ्याची जागा बदला, असं शांतपणे सांगा.

तक्रार लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. काय कारवाई हवी आणि किती दिवसांत उत्तर हवं, हेही लिहा. शाळा सीबीएसईची असेल तर मार्च २०१५ च्या परिपत्रकाप्रमाणे तिथे छळविरोधी समिती हवी. तिच्यात कोण कोण आहे ते विचारा. सरकारी किंवा अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात बहुसंख्य पालकच असतात. छळ शिक्षकच करत असतील तर प्रकरण अधिक गंभीर. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही मना केला आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ७५ मुलांशी क्रूरपणे वागणाऱ्याला तुरुंगात पाठवू शकतं. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण वा उपासनेत भाग घ्यायला तुमच्या संमतीशिवाय तुमच्या मुलाला भाग पाडता येत नाही, हे तर राज्यघटनेच्या कलम २८ मध्येच आहे.

शाळेने दाद दिली नाही तर शिक्षणाधिकारी, मग राज्य बालहक्क आयोग. राष्ट्रीय आयोगाच्या ‘ई-बालनिदान’ वर मोबाइलवरूनही तक्रार करता येते. १०९८ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मूल स्वतःही लावू शकतं. तिला तो पाठ करून द्या.

एक मोह मात्र आवरा. हातात व्हिडिओ असेल तर तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. मुझफ्फरनगरच्या त्या मुलाचा चेहराही असाच घरोघरी पोहोचला. अशा प्रकरणात मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते मूल उद्या त्याच गल्लीतून शाळेत जाणार असतं. व्हिडिओ पुरावा म्हणून जपून ठेवा, तक्रारीसोबत द्या.

आता उलटी बाजू. शाळेतून फोन येतो आणि कळतं की बोलणारा तुमचाच मुलगा होता. पहिला उद्गार ठरलेला, ‘‘आमच्या घरात असं कुणी बोलत नाही.’’ खरंच नाही? रात्री जेवताना चालू असलेला टीव्ही, काकांनी पाठवलेला विनोद, भाड्याने घर देताना आडनावावरून झालेली चर्चा, हे सगळं तो शेजारी बसून ऐकत असतो. त्याला झोडपून काही होणार नाही. तो शब्द कुठे ऐकलास, एवढंच विचारा, आणि उत्तर आलं की ते काकांपर्यंत पोहोचवायची हिंमत ठेवा. मग त्या मुलीच्या आईला तुम्हीच फोन करा. बोलणं अवघड जाईल. ती कदाचित फोन उचलणारही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा.