कोरी पाटी

गेल्या आठवड्यात ठाण्याचा भाचा साखरशेतला येऊन गेला. जेवणं झाल्यावर मोबाईलवर चित्रं दाखवत बसला. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, तेव्हापासून आमच्या पालघर जिल्ह्यात ‘चौथी मुंबई’ हा शब्द फार ऐकू येतो. काचेच्या इमारती, गच्चीवर झाडं, सायकलींचे रस्ते! म्हणाला, "मामा, सगळं कोऱ्या पाटीवर करायचं. म्हणूनच ते शाश्वत होईल."

मंडळी, माझा जन्म पाट्या बघण्यात गेला. कोरी दिसते ती बहुतेक वेळा पुसलेली असते.

नवी मुंबईचंच घ्या. कल्पना मांडणारे चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल, प्रवीणा मेहता. अभ्यासू माणसं, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. पण त्या कोऱ्या पाटीवर ९५ गावं होती! जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, दि. बा. पाटलांनी लढा लावून धरला, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं ठरलं. लवासाचं तर बोलायलाच नको. २०१८ साली प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं.

आता आमच्या दाराशी या. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाला. मुख्यालय जव्हारला हवं म्हणून आम्ही कंठशोष केला. झालं पालघरला, कोळगावात. तिथली सुमारे ४४० हेक्टर सरकारी जमीन सिडकोकडे गेली. त्यातल्या शंभरेक हेक्टरांवर मुख्यालय बांधून द्यायचं आणि बाकीच्या जमिनीवर नवं शहर वसवून खर्च काढायचा, असा व्यवहार. ऑगस्ट २०२१ मध्ये उद्घाटन झालं. इमारत देखणी आहे, खोटं कशाला बोलू? पण मोखाड्याच्या म्हातारीचा एका दाखल्यासाठी अजूनही अख्खा दिवस मोडतो.

आणि पाणी? मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ पासून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यापाड्यावर टँकरची वाट बघतात. सूर्या प्रकल्प सिंचनासाठी झाला, त्याचं पाणी वसई-विरारकडे वळलं. धरण उशाला, कोरड घशाला. नव्या शहराला पाणी लागेल, ते काय समुद्रातून उपसणार?

दिवाळी झाली की माझ्या वर्गातली निम्मी पोरं दिसेनाशी व्हायची. आईबापांबरोबर ‘जगायला’ जायची. वीटभट्टीवर, इमारतींच्या कामावर. होळीला परत यायची, तोवर बाराखडी विसरलेली. त्यांच्या आईबापांनी बांधलेल्या शहरांत त्यांची वस्ती म्हणजे नाक्यावरचं प्लास्टिकचं पाल. भाच्याला विचारलं, "अरे, तुझ्या चित्रात ही माणसं कुठे राहतात?" म्हणाला, "ते काम संपल्यावर जातात मामा."

गच्चीवरची झाडं नंतर लावा. आधी आराखड्यात लिहा, पाणी कुठल्या धरणाचं, धरणाकाठच्या पाड्यांना त्यातलं किती, आणि बांधणाऱ्या मजुरांसाठी पक्की घरं आणि पोरांसाठी शाळा कुठे. हे लिहीत नाही तोवर त्याला शाश्वत म्हणू नका, नुसतं नवं म्हणा.

भाचा म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. अजून फोन आलेला नाही.